बोटाला काय भाव?

परवा टीममधल्या मित्राचा फोन आला. गेल्या पावसाळ्यात वर्धा रोडवर बाईक घसरून त्याच्या उजव्या हाताचं पार वाटोळं झालं. अंगठा अर्धा गेला आणि तर्जनी आहे, पण वाकत नाही. ऑफिसच्या ग्रुप अपघात विम्यातून काहीतरी मिळेल म्हणून त्याने क्लेम टाकला होता, आणि त्याचं उत्तर आलं, चार ओळींचं. अपघाताची सूचना विहित मुदतीत न दिल्याने दावा नामंजूर. आता हा प्राणी त्या विहित मुदतीत आधी आयसीयूत आणि मग प्लास्टरमध्ये होता, सूचना काय पायाने टाइप करणार?

"वकील करू का बे?" त्याने विचारलं. "का सोडून देऊ? आपल्या पॉलिसीत बोटाला किती मिळते तसंही?"

मी पॉलिसीची पीडीएफ उघडली. (खरं सांगा मंडळी, तुमच्यापैकी किती जणांनी आपल्या ऑफिसची पॉलिसी उघडून पाहिली आहे? मीही नव्हती.) शेवटून दुसऱ्या पानावर एक कोष्टक आहे. अंगठा, दोन्ही पेरं: २५ टक्के. अंगठा, एक पेर: १०. तर्जनी, तिन्ही पेरं: १०. मधलं बोट ६, अनामिका ५, करंगळी ४. खाटकाच्या दुकानातल्या दरपत्रकासारखं वाटलं वाचताना. आणि मग आठवलं की हे दरपत्रक मी आधीही पाहिलंय, माझ्या आबांच्या ट्रंकेत.

आबांची गोष्ट सांगतो, पण आधी थोडा इतिहास. विकएंड आहे, वेळ आहे तुमच्याकडे :-)

जुलै १८८४ मध्ये जर्मनीत बिस्मार्कने कामगारांसाठी अपघात विम्याचा कायदा केला. त्याला काही कामगारांचा पुळका आलेला नव्हता, समाजवाद्यांच्या शिडातली हवा काढायची होती. पण कायदा झाला. आणि बरोबर दोन महिन्यांनी, सप्टेंबर १८८४ मध्ये, इकडे मुंबईत परळला गिरणी कामगारांची सभा भरली. भरवणारे होते नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. सभेतून जो अर्ज निघाला त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. त्यात पाच मागण्या होत्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाचे ठरलेले तास, पगार महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, या चार आपल्याला शाळेत कधीतरी शिकवलेल्या असतात. पाचवी बहुधा पुस्तकात बसत नाही. ती अशी होती: काम करताना जखमी होऊन जो कामगार काही काळ कामावर येऊ शकत नाही त्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा, आणि जो कायमचा अपंग होईल त्याच्या पोटापाण्याची योग्य सोय करावी.

रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. तुम्ही हा लेख वाचताय तो रविवार. पाचव्या मागणीचा कायदा व्हायला मात्र १९२३ साल उजाडलं. चार मागण्यांमध्ये मालकाचं फक्त वेळापत्रक बदलत होतं. पाचवीत त्याला आधी मान्य करावं लागत होतं की हा हात माझ्या मशीनने गेला. माणसं पैसे देतात, पण हे मान्य करत नाहीत, असं माझं मत.

मधल्या काळात काय होतं? १८५५ चा एक जीवघेण्या अपघातांचा कायदा होता, म्हणजे माणूस मेला तर वारसांनी दिवाणी कोर्टात जाऊन मालकाची चूक सिद्ध करायची. जिवंत राहिला तर इंग्लंडच्या न्यायालयांनी रुजवलेल्या पळवाटा मालकाच्या हाताशी. तुझाही हलगर्जीपणा होता. चूक तुझ्या सोबत्याची होती, माझी नाही. नोकरी धरलीस तेव्हा धोका तुला ठाऊकच होता. तीन इफ-कंडिशन्स, त्यातली एक जरी खरी ठरली की तुझा दावा शून्य.

आता नागपूरकर म्हणून कॉलर ताठ करायची संधी. आपल्याकडची एम्प्रेस मिल, १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, ज्या दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केलं त्याच दिवशी, म्हणून नाव एम्प्रेस. गांधीसागरजवळ जिथे आज आपण मॉलमध्ये पॉपकॉर्नला चारशे रुपये देतो, तीच ती जागा. जमशेटजी टाटांनी इथे १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड काढला आणि १८९५ पासून अपघातात जखमी झालेल्यांना भरपाई द्यायला सुरुवात केली. इंग्लंडच्या संसदेने कामगार भरपाईचा कायदा केला तो १८९७ मध्ये. म्हणजे नागपूर लंडनच्या दोन वर्षं पुढे! मी हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा आनंदाने चार जणांना व्हॉट्सअॅप केलं.

मग लक्षात आलं की यात एक गोची आहे. ती भरपाई मालकाच्या चांगुलपणाची होती. टाटा चांगले होते म्हणून मिळाली. शेजारच्या गिरणीचा मालक तसा नसेल तर? आणि टाटांच्या गिरणीतही समजा एखाद्याला वाटलं की मला कमी मिळाले, तर त्याने दाद कुठे मागायची? चांगुलपणाविरुद्ध अपील करता येत नाही. अपील फक्त हक्काचं असतं.

तो हक्क आला वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन अॅक्ट, १९२३ ने, अमलात १ जुलै १९२४ पासून. पहिल्या महायुद्धानंतर देशभर संप चालले होते, १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटना निघाली होती, १९२० मध्ये आयटक स्थापन झाली होती. सरकारला काहीतरी करणं भाग होतं. मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांच्या बाजूने बोलायला ना. म. जोशी होते. गोखल्यांच्या भारत सेवक समाजातले, कुलाबा जिल्ह्यातले, शांत स्वभावाचे. त्यांच्या वाट्याला लोखंड्यांइतकीही प्रसिद्धी आली नाही. लोअर परळचा ना. म. जोशी मार्ग मात्र सगळ्यांना ठाऊक आहे, कारण तिथे ट्रॅफिक जाम होतो.

या कायद्याने तीन-चार जबरदस्त गोष्टी केल्या. एक म्हणजे 'चूक कोणाची' हा प्रश्नच जवळजवळ काढून टाकला. काम करताना, कामामुळे अपघात झाला? मग मालक देणार. दुसरं, दिवाणी कोर्टाच्या जंगलाऐवजी एक कमिशनर नेमला. तिसरं, मालकाने कामगाराशी बाहेरच्या बाहेर 'समझोता' केला तर तो कमिशनरकडे नोंदवल्याशिवाय टिकणार नाही, आणि रक्कम फार कमी आहे असं वाटलं तर कमिशनर नोंदणी नाकारू शकतो. आणि मग ते कोष्टक. १९२३ च्या कोष्टकात उजवा हात कोपरापासून वर गेला तर ७० टक्के, डावा गेला तर ६० (डावखुऱ्यांनी आपलं नशीब बघावं). एक डोळा ३०. अंगठा २५. तर्जनी १०. बाकीचं कुठलंही बोट ५.

अंगठा २५, तर्जनी १०. माझ्या पॉलिसीतही हेच आकडे आहेत! कायद्याचं कोष्टक पुढे बदललं, अंगठा ३० झाला, तर्जनी १४, मधलं बोट १२. पण आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या हातातल्या पीडीएफमध्ये बोटांचा भाव अजून १९२३ चा आहे, ज्या काळात तर्जनीने माऊस क्लिक करत नसत.

आता आबा.

आबा १९७१ मध्ये काटोलकडच्या एका जिनिंग फॅक्टरीत तेलवाले होते. रेच्यांची लाइन फिरवणारा लांब शाफ्ट, त्यावर पुल्या, पुल्यांवरून कातडी पट्टे, आणि या सगळ्याला चालू असतानाच तेल घालणारा माणूस. कापसाच्या सीझनमध्ये मशीन थांबवणं म्हणजे पाप. एका रात्रपाळीत पट्टा आणि पुलीच्या मध्ये उजवा हात गेला. तीन बोटं गेली. अंगठा आणि तर्जनी राहिली.

तुम्ही म्हणाल, तेव्हा ईएसआय नव्हतं का? होतं. हाही एक इतिहास आहे. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, १९४२ ते ४६. नागपूरला बाबासाहेब म्हटलं की १४ ऑक्टोबर १९५६ आणि दीक्षाभूमी, आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्या मजूर खात्याच्या काळातच आरोग्य विम्याच्या अभ्यासाचं काम प्रा. बी. पी. अडारकरांकडे सोपवलं गेलं आणि १९४४ मध्ये अहवाल आला. त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला. योजना १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली आणि १९५४ मध्ये नागपुरात आली, मुंबईच्या काही महिने आधी. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी होतं. विम्याचं तत्त्व सोपं. मालकाशी भांडणच नको, सगळ्यांनी वर्गणी भरायची आणि अपंगत्व आलं तर दरमहा पेन्शन महामंडळ देणार. मेडिकल बोर्डाने ठरवलेली टक्केवारी पटली नाही तर वर अपिलाची सोय, थेट कामगार विमा न्यायालयापर्यंत.

पण कायद्यातून 'हंगामी कारखाने' वगळलेले होते, आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत नाव घेऊन पहिलंच काय लिहिलं होतं? कापसाचं जिनिंग. विदर्भातला सगळ्यात विदर्भीय धंदाच बाहेर! गिरणीतल्या विणकराला पेन्शन, आणि त्याच गिरणीला रुई पुरवणाऱ्या जिनातल्या माणसाला ठेंगा. तेव्हा आबांसाठी उरला तो १९२३ चा जुना कायदा.

हॉस्पिटलमधून आल्यावर मालकाचा दिवाणजी घरी आला. चारशे रुपये आणि एक स्टँपपेपर घेऊन. उजव्या हाताला बँडेज, म्हणून तो म्हणाला डावा अंगठा द्या. आबांना सही करता यायची. चौथीपर्यंत शिकले होते आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. अंगठा लावायला सांगितलं याचाच त्यांना राग आला, चारशे रुपये कमी आहेत याचा नंतर. ते म्हणाले, "हात बरा झाला की सही करीन, मंग देजा पैसे." दिवाणजी परत गेला.

नंतर कोणीतरी त्यांना नागपूरच्या एका वकिलाकडे नेलं, युनियनची कामं करणारा तरुण वकील. फी नंतर बघू म्हणाला. (नंतर त्याने किती घेतली यावर घरात दोन मतं आहेत. आजी म्हणायची जास्त घेतली.) कमिशनरपुढे अर्ज पडला आणि मालकाचं उत्तर आलं. ते उत्तर मी ट्रंकेत वाचलंय, टाइप केलेलं, कार्बन कॉपी. तीन मुद्दे होते. हा माणूस आमचा नाही, ठेकेदाराचा. असला तरी हंगामी, कॅज्युअल आहे, म्हणून कायद्यातला 'कामगार'च नाही. आणि तरीही कामगार मानला तर, त्याने सुरक्षेसाठी बसवलेलं गार्ड मुद्दाम काढलं होतं.

पहिला मुद्दा सोपा होता. कायद्याचं कलम १२ सांगतं की ठेकेदाराचा माणूस तुमच्या धंद्याचं काम तुमच्या आवारात करत असेल तर आधी तुम्ही द्या, मग ठेकेदाराकडून वसूल करा.

दुसरा मुद्दा मला, एक प्रोग्रॅमर म्हणून, फार आवडतो. त्या वेळच्या व्याख्येत कामगार कोण नाही? तर ज्याची नोकरी कॅज्युअल आहे *आणि* जो मालकाच्या धंद्याव्यतिरिक्त दुसऱ्या कामासाठी ठेवलाय. म्हणजे घरी गवंडी बोलावला तर तो. जिनाचा मालक फक्त पहिली कंडिशन वाचत होता. पण मध्ये 'अँड' आहे, 'ऑर' नाही! आबा कॅज्युअल असतीलही, पण जिनिंगच्या धंद्यात जिनाच्या शाफ्टला तेल घालणारा माणूस धंद्याबाहेरचा कसा? एका बुलियन ऑपरेटरवर माझ्या वडिलांची शाळा अवलंबून होती. (ही व्याख्या पुढे २००० च्या दुरुस्तीत काढून टाकली.)

तिसरा मुद्दा खरा धोक्याचा. कारण कायदा म्हणतो की दारू पिऊन, सुरक्षेचा स्पष्ट नियम जाणूनबुजून मोडून किंवा गार्ड जाणूनबुजून काढून अपघात झाला असेल आणि मृत्यू झाला नसेल, तर भरपाई नाही. म्हणजे हे सिद्ध झालं की सगळं संपलं. आबांची साक्ष झाली. मालकाच्या वकिलाने विचारलं, गार्ड तुम्ही कधी काढलं? आबा गप्प. त्याने पुन्हा विचारलं. मग आबांनी कमिशनरकडे बघून विचारलं, "साहेब, गार्ड म्हंजे काय असते?"

आबा हे सांगताना हसायचे. आम्हीही लहानपणी हसायचो, आबांना इंग्रजी येत नव्हतं म्हणून. मोठं झाल्यावर कळलं की आठ सीझन त्या शाफ्टला तेल घातलेल्या माणसाने ती वस्तू कधी पाहिलीच नव्हती. आबांच्या वकिलाने लगेच मालकाच्या साक्षीदाराला विचारलं, गार्ड कधी घेतलं, पावती आहे का? पावती नव्हती.

निकाल १९७३ मध्ये लागला. एका हाताची तीन बोटं, ३० टक्के. मालकाने हायकोर्टात जाईन असं सगळ्या बाजारात सांगितलं. पण या कायद्यात पुढे घातलेली एक सुंदर अट आहे. मालकाला अपील करायचं असेल तर आधी भरपाईची रक्कम कमिशनरकडे जमा करून त्याचं प्रमाणपत्र अपिलाला जोडावं लागतं. शिवाय अपील फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या मुद्द्यावर. सगळे पैसे आधीच भरायचे म्हटल्यावर मालकाचा अपिलातला रस गेला.

आबा रक्कम सांगायचे ती 'तीन हजाराला साठ कमी'. मला ही त्यांची अतिशयोक्ती वाटायची. मग मी एक सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचला, ४ डिसेंबर १९७५ चा. ओरिसातला एक सुतार, सिनेमा हॉलचं काम करताना १९६८ मध्ये पडला, डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. कमिशनरने त्याचं अपंगत्व १०० टक्के धरलं, ९,८०० रुपये दिले, आणि वेळेवर पैसे दिले नाहीत म्हणून मालकाला वर दंड आणि व्याज. मालक सुप्रीम कोर्टापर्यंत गेला की कोष्टकाप्रमाणे हात म्हणजे १०० टक्के नाहीच. कोर्टाचं उत्तर साधं होतं. सुतारकाम एका हाताने होत नाही, तेव्हा या माणसाचं अपंगत्व पूर्णच. आबांचा पगारही त्याच गटात बसत असावा. ९,८०० चे ३० टक्के करा. २,९४०. तीन हजाराला साठ कमी. मी एक्सेल बंद केलं आणि जरा वेळ तसाच बसलो.

त्या पैशांतून आबांनी नागपुरात पानठेला टाकला. उरलेल्या दोन बोटांत पान धरायचे आणि डाव्या हाताने चुना लावायचे. गिऱ्हाईकांना वाटायचं ही त्यांची स्टाइल आहे.

हे सगळं मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "अबे, माझं सांग ना."

त्याचं म्हणजे आपल्या सगळ्यांचंच. ईएसआयची पगारमर्यादा २०१७ पासून महिना २१,००० रुपये, म्हणजे आपण त्यात नाही. १९२३ चा कायदाही आता राहिला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि तो तिच्यात विरघळला (टक्क्यांचं कोष्टक तिथेही आहेच). आणि बाईकवरचा रविवारचा अपघात तसाही कामावरचा नाही. आपल्याकडे फक्त पीडीएफ. पण पीडीएफ म्हणजेही करार आहे, चांगुलपणा नाही. तेव्हा अपील आहे.

ओळखीच्या एका वकील मॅडमकडे आम्ही गेलो. त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं की विमा नियामकाने २० सप्टेंबर २०११ लाच कंपन्यांना बजावलंय: उशीर टाळता येण्यासारखा नव्हता तर केवळ उशिरा कळवलं एवढ्यावरून खरा दावा फेटाळू नका. आमच्या चार ओळींच्या नकारात दुसरं कारणच नाही. रस्ता असा: आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी, महिनाभर वाट पाहायची, मग विमा लोकपाल. लोकपालाकडे फी नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात, नकारापासून वर्षाच्या आत जायचं, आणि निर्णय कंपनीवर बंधनकारक, आपल्यावर नाही. तिथे हरलो तरी ग्राहक आयोग उघडा. गंमत म्हणजे लोकपालापुढे वकील उभा राहू शकत नाही. मॅडम म्हणाल्या, "म्हणून कागद मी करून देते, बोलायचं तुम्ही." अर्जाला हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कार्डावरच्या तारखा, ऑपरेशनच्या नोंदी, आणि एचआरला त्याच्या बायकोने दुसऱ्याच आठवड्यात केलेला मेल, असं सगळं जोडलं. तो मेल आम्ही विसरलोच होतो. 'कळवलं नाही' हेच मुळात खोटं निघालं, फक्त कळवलं होतं ते एचआरला.

वकील करावा का, याचं माझं उत्तर: करा, पण लवकर करा, नकाराच्या पहिल्या कागदावर. आबांच्या वकिलाने जिंकून दिलं ते कोर्टातल्या भाषणाने नाही, पावती मागून.

टक्केवारीवरून भांडण पुढे होणारच आहे. कंपनी म्हणेल तर्जनी जागेवर आहे, शून्य टक्के. आम्ही म्हणू वाकत नाही ती बोट कसली. २०१० मध्ये मोटार अपघाताच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने नीट फोड करून सांगितलंय की डॉक्टरने लिहिलेलं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण ते नुकसानभरपाईच्या कायद्याचं गणित झालं. आमचा आहे करार, आणि करारात कोष्टक छापलंय. इथे मी फार आशा दाखवणार नाही.

काल शनिवारी धरमपेठेत जाऊन प्रिंट काढल्या. तक्रार अर्जावर मित्राने डाव्या हाताने सही केली. ती त्याच्या बँकेतल्या सहीशी अजिबात जुळत नव्हती, दुसरीतल्या मुलाची वाटत होती. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, मग डाव्या अंगठ्याचा ठसा द्या, आणि शेजारी साक्षीदाराची सही. झेरॉक्सवाल्याकडे शाईचं पॅड होतं. आधी आम्ही दोघांनी मिळून सगळा अर्ज पुन्हा एकदा पहिल्या ओळीपासून वाचला, आणि मग त्याने अंगठा टेकवला. महिना संपला की पुढचं कळवतो.